लग्नाविना एकत्र घेतलेलं वावर आणि घर : वेगळं होताना वाटणी कशी करायची

लग्न न करता बरीच वर्षं एकत्र राहिलेल्या जोडप्याचं बिनसलं की गावात चार माणसं बसतात. स्टॅम्पपेपरवर "आजपासून आमचा एकमेकांशी काही संबंध नाही" असं लिहिलं जातं, सह्या-अंगठे होतात आणि सगळे चहा पिऊन घरी जातात. त्या कागदानं वावर हलत नाही. सातबाऱ्यावर दोघांची नावं तशीच राहतात, पीककर्जाचा बोजाही राहतो. पुढे एकाला विकायचं असलं की दुसऱ्याची सही लागते, आणि तेव्हा तो पुण्याला कंपनीत असतो किंवा ती दुसऱ्या घरी नांदत असते.

अशा जोडप्याच्या मालमत्तेकडे कायदा नात्याच्या नजरेनं बघत नाही. दोन परक्या माणसांनी भागीत जमीन घेतली असती तर जे नियम लागले असते, तेच इथे लागतात. कुणी कुणाला फसवलं, कुणी किती सोसलं, याचा वाटणीच्या हिशेबाशी संबंध नाही. ऐकायला हे कोरडं वाटेल, पण व्यवहार सुटायला हा कोरडेपणाच कामी येतो.

आधी खात्री करा : लग्न खरंच झालं नव्हतं का?

हा प्रश्न वेळखाऊ वाटतो, पण इथे चुकलं तर पुढचं सगळं चुकतं. नोंदणी नाही, पत्रिका नाही, मांडव नाही म्हणजे लग्न नाही, असं नसतं. हिंदू विवाह कायदा समाजाच्या रूढीनुसार झालेलं लग्न मानतो. पाट लावला असेल आणि तुमच्या समाजात तशी रूढी असेल, तर ते लग्न ठरू शकतं. गोंड, कोरकू, कोलाम, माडिया अशा अनुसूचित जमातींना तो कायदा मुळात लागूच नाही. तिथे जमातीची रूढी बघितली जाते. शिवाय स्त्री-पुरुष दीर्घकाळ नवरा-बायकोसारखे राहिले, समाजही त्यांना तसंच मानत आला, तर कोर्ट लग्न झालं असं गृहीत धरू शकतं. सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्येही हे पुन्हा सांगितलं. हे गृहीतक पुराव्यानं खोडता येतं. दोघांपैकी कुणाचं आधीचं लग्न कायम असेल, तर ते टिकत नाही.

रूढीनं लग्न झाल्याचा दावा उभा राहू शकतो असं वाटलं, तर वाटणीच्या कागदावर सही करण्याआधी वकिलाला विचारा. पोटगी आणि वारसा हे दोन्ही प्रश्न त्यावर अवलंबून असतात. लग्न नव्हतं याबद्दल दोघांचंही दुमत नसेल, तर पुढे चला.

कागद गोळा करा, तेही भांडण पेटण्याआधी

वावरासाठी ताजा सातबारा, आठ-अ, खरेदीखताची प्रत आणि त्या खरेदीचा फेरफार. सातबारा डिजिटल सहीचा घ्या, 'महाभूमी'च्या 'डिजिटल सातबारा' संकेतस्थळावर मिळतो. त्यात तीन ठिकाणं नीट वाचा. पहिलं, भोगवटादार वर्ग 1 आहे की वर्ग 2. वर्ग 2 म्हणजे सरकारनं अटीवर दिलेली जमीन, तिचं हस्तांतर परवानगीशिवाय होत नाही. दुसरं, दोघांच्या नावापुढे वेगवेगळं क्षेत्र आहे की नावं सामाईकात आहेत. तिसरं, इतर हक्काचा रकाना. बँकेचा, सोसायटीचा बोजा तिथे दिसतो.

घराचं जरा अवघड आहे. गावठाणातल्या घराला बहुतेक जण ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा दाखवतात. तो घरपट्टीचा उतारा आहे, एकट्यानं मालकी सिद्ध करत नाही. आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) असेल, किंवा स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी होऊन सनद मिळाली असेल, तर ती काढा. घरकुल योजनेचं घर असेल तर मंजुरीचा आदेश कुणाच्या नावानं आहे ते बघा. सरकारी जागेवरच्या अतिक्रमणातलं घर असेल, तर वाटायला मालकीच नाही, फक्त ताबा आहे. त्याचा हिशेब पैशातच होईल.

याशिवाय पासबुकं, पैसे पाठवल्याच्या नोंदी, विहीर आणि बोअरची बिलं, मोटारपंपाची पावती, महावितरणचं बिल, ट्रॅक्टरचं आरसी बुक, कर्जाचे उतारे. सगळ्यांचे फोटो काढून घरच्या कुणाच्या तरी मोबाईलवर पाठवून ठेवा. मूळ कागद असलेली पेटी एकाच्याच ताब्यात असली, की दुसऱ्याच्या हाती बोलण्यापलीकडे काही राहत नाही.

कुणाचा किती हिस्सा

मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 चं कलम 45 इथे कामाचं आहे. दोघांनी मिळून स्थावर मालमत्ता विकत घेतली, तर ज्यानं जेवढा पैसा घातला तेवढ्या प्रमाणात त्याचा हिस्सा. मात्र खरेदीखतात वेगळं ठरलेलं असेल तर ते चालतं. आणि कुणी किती घातले याचा पुरावाच नसेल, तर दोघांचा हिस्सा समान धरला जातो.

एक हिशेब मांडून बघू. वरुडकडे तीन एकर वावर नऊ लाखांना घेतलं. त्यानं सहा लाख घातले, तिनं तीन. आज त्याची किंमत अठरा लाख. खरेदीखतात हिश्शाबद्दल काही लिहिलेलं नसेल आणि बँकेच्या नोंदीतून सहा-तीन दिसत असेल, तर तिचा हिस्सा तिसरा, म्हणजे सहा लाखांचा. पण खरेदीखतात "दोघांचा समसमान हिस्सा" असं एक वाक्य असेल, तर तिचे नऊ लाख. त्या वाक्यानं तीन लाखांचा फरक पडतो. आणि पैसे रोख दिले, नोंद कुठेच नाही, तर पुराव्याअभावी हिस्सा पुन्हा निम्मा-निम्मा. घर सांभाळलं, निंदण-डवरणीला राबलं, याची किंमत या सूत्रात थेट बसत नाही. बाईच्या कष्टांना इथे कायदा तोकडा पडतो असं माझं मत आहे. म्हणून तडजोडीत ते आधी मांडा, कोर्टात ते मांडणं कठीण जातं.

वावर एकाच्याच नावावर असेल तर काय? जमीन तिच्या नावावर, पैसा त्याचा, कारण त्याच्यावर कर्ज होतं किंवा घरच्यांचा विरोध होता, असं विदर्भात बरंच दिसतं. इथे बेनामी व्यवहार प्रतिबंधक कायदा आड येतो. पत्नीच्या किंवा मुलांच्या नावानं आपल्या उत्पन्नातून घेतलेल्या मालमत्तेला त्यात सूट आहे, सोबत राहणाऱ्या जोडीदाराला नाही. "पैसा माझा होता, जमीन माझी करा" असा दावा त्यामुळे टिकणं अवघड. उलट बाजूनंही तेच : त्याच्या नावावरच्या वावरात तिनं पैसा घातला असेल, तर तिला आपल्या पैशाचा हिशेब कागदावर दाखवावा लागेल, आणि बहुतेक वेळा वसुली पैशाचीच होते.

त्याच्या बापाच्या जागेवर दोघांनी मिळून घर बांधलं असेल, तर जागा बापाचीच. तिला सिमेंट-सळईची बिलं, मिस्त्रीला दिलेल्या रकमा दाखवून पैसे मागता येतील, भिंतींत वाटा मागता येणार नाही.

किंमत ठरवा, आणि उभ्या पिकाचं विसरू नका

रेडी रेकनरचा दर मुद्रांक शुल्कासाठी असतो. बाजारभाव त्याच्या वरही असतो, कधी खालीही. गावातल्या दलालाऐवजी शिवारात अलीकडे झालेल्या दोन-तीन खरेद्यांची खरेदीखतं बघा. ती नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. खरेदीखतात लिहिलेली रक्कम नेहमी खरी नसते, हे आपण सगळेच जाणतो. तरी निदान एक आधार मिळतो.

संत्र्याची बाग असेल तर एकरावर हिशेब करू नका. झाडं मोजा, त्यांचं वय लिहा, डिंक्या रोग लागलेली वेगळी काढा. आंबिया बहार झाडावर असताना वाटणी केली आणि बहाराचा पैसा कुणाचा हे लिहिलं नाही, तर तोडणीच्या दिवशी वावरात भांडण होणार. कपाशी, तूर, सोयाबीनचंही तसंच. माझा सल्ला असा : पेरणी आणि काढणीच्या मध्ये वेगळं व्हायची वेळ आलीच, तर उभं पीक कोण काढणार, खर्च कुणाचा, आणि विक्रीचे पैसे कोणत्या खात्यात जाणार, एवढं चार ओळींत लिहून दोघांच्या सह्या घ्या. ई-पीक पाहणी कुणाच्या नावानं झाली आणि पीक विमा कुणाच्या खात्याला जोडला, तेही बघा. नुकसान भरपाई आली तर ती त्याच खात्यात पडते.

बैलजोडी, शेळ्या, कडबा-कुटार, तुषार संच, मोटारपंप यांची यादी वेगळी करा. त्यावर वेळ घालवू नका. एकानं सामानाचे दोन वाटे पाडायचे आणि दुसऱ्यानं आधी उचलायचा, हीच जुनी पद्धत अजूनही चांगली. ट्रॅक्टर मात्र ज्याच्या नावावर राहणार नाही त्यानं आरटीओच्या फॉर्म 29 आणि 30 वर सही करून नाव काढून घ्यावं. बँकेचा बोजा असेल तर आधी फॉर्म 35. गाडी दुसऱ्याकडे आणि कागद तुमच्या नावावर असे राहिले, तर अपघाताच्या दाव्याची नोटीस तुमच्याकडे येईल.

तीनच रस्ते : तुकडे पाडणं, एकानं घेणं, विकणं

तुकडे पाडायचे असतील तर तुकडेबंदी कायदा, 1947 बघावा लागतो. राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांत आता जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे हे किमान क्षेत्र आहे. नियम अलीकडे वारंवार बदलले आहेत, म्हणून तुमच्या गटासाठी आजचा नियम तहसीलमधून विचारूनच पुढे जा. वरच्या उदाहरणात तीन एकरांतला तिचा तिसरा हिस्सा एक एकर, म्हणजे 40 गुंठे, हरकत नाही. पण दीड एकर जिरायतीत एकाला 15 गुंठे येत असतील, तर तो तुकडा पाडता येणार नाही, त्याचा मोबदला पैशात द्यावा लागेल.

तुकडे पाडताना धुऱ्यावर चुना मारून काम भागत नाही. भूमी अभिलेख कार्यालयात पोटहिस्सा मोजणीचा अर्ज करा, नकाशा घ्या. आणि वाटणीच्या कागदात तीन गोष्टी स्पष्ट लिहा : विहिरीचं पाणी कोणत्या वारी कुणाला, मोटारीचं वीजबिल कोण भरणार, आणि मागच्या हिश्शाला पांदणीपर्यंत जायला वाट कुठून. वाटणीनंतर दिवाणीत जाणाऱ्या तक्रारी जास्त करून या तीन गोष्टींवरून होतात.

एकानं संपूर्ण घ्यायचं ठरलं, तर हिशेब असा. तिचा तिसरा हिस्सा सहा लाख. दोघांच्या नावावर दीड लाख पीककर्ज आहे आणि ते तो एकटा फेडणार आहे, म्हणून तिच्या वाट्याचे पन्नास हजार वजा. तिनं एकटीनं एक लाख खर्चून बोअर मारला होता, त्यातला तिचा तिसरा भाग तिचाच, उरलेले 66,667 रुपये तिला परत. देणं झालं 6,16,667. ही रक्कम रोखीत घेऊ नका. आरटीजीएस किंवा डीडी, आणि त्याचा क्रमांक दस्तातच लिहा.

तिसऱ्याला विकायचं असेल तर लक्षात ठेवा : विदर्भासाठीच्या 1958 च्या कूळ कायद्याप्रमाणे शेतजमीन सहसा शेतकऱ्यालाच विकता येते. आणि आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जात असेल, तर महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36-अ खाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. गडचिरोली, मेळघाट, पांढरकवडा भागात एक जोडीदार आदिवासी आणि दुसरा बिगर-आदिवासी असेल, तर आपसांतली हक्कसोडसुद्धा या बंधनात सापडते. परवानगीशिवाय केलेला दस्त बेकायदेशीर ठरतो, आणि जमीन परत करण्याचे आदेश बऱ्याच वर्षांनंतरही निघू शकतात.

दस्त कोणता करायचा

इथे विवाहित आणि अविवाहित यांच्यात पैशाचा मोठा फरक पडतो. नातेवाइकांत वडिलोपार्जित मिळकतीची हक्कसोड नाममात्र मुद्रांकावर होते, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. तुमची मालमत्ता वडिलोपार्जित नाही आणि तुम्ही त्या नात्यांच्या यादीतही नाही. म्हणून तुमच्या हक्कसोडीला सोडलेल्या हिश्शाच्या किमतीवर खरेदीखतासारखंच मुद्रांक शुल्क लागतं. पत्नीला घर किंवा शेती बक्षीस देताना मिळणारी सवलतही तुम्हाला नाही.

वाटणीपत्र मात्र कोणत्याही सहमालकांना करता येतं. निव्वळ शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक 100 रुपये आहे. घरासाठी मोठा वाटा सोडून उरलेल्या वाट्याच्या किमतीवर आकारणी होते. म्हणून प्रत्यक्ष वाटणी शक्य असेल तिथे वाटणीपत्र स्वस्त पडतं, आणि एकानं दुसऱ्याचं घ्यायचं असेल तिथे हक्कसोड किंवा खरेदीखत. वाटणीपत्राच्या नावाखाली मोठी रक्कम एका बाजूनं दुसऱ्याकडे जात असेल, तर कार्यालय त्याला विक्री मानू शकतं. शंका असेल तर दस्ताचा मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे मुद्रांक किती लागेल ते आधीच ठरवून घ्यायला, टाका. थोडा वेळ जातो, पण पुढे दंडाची नोटीस येत नाही.

कोणताही दस्त असो, तो दुय्यम निबंधकांकडे नोंदवावाच लागतो. "तोंडी वाटणी आधीच झाली, हा फक्त तिचा लेख" अशी पळवाट कुटुंबातल्या वाटणीसाठी वापरली जाते. तुम्ही तिच्या भरवशावर राहू नका. नोटरीच्या शिक्क्याला नोंदणी समजू नका.

बँकेला तुमच्या भांडणाशी देणंघेणं नाही

कर्ज दोघांच्या सहीनं घेतलं असेल, तर बँक पूर्ण रक्कम कुणाकडूनही मागू शकते. आपसांत "कर्ज तो फेडेल" असं लिहिलं तरी बँक त्याला बांधील नाही. शाखेत जाऊन एकाचं नाव कमी करून घ्या किंवा कर्ज नव्यानं एकाच्या नावावर करून घ्या. ते होत नसेल तर आधी फेडा, मग वाटा. जो बाहेर पडतो त्यानं पैसे घेण्याआधी बँकेचं नाहरकत प्रमाणपत्र हातात घ्यावं.

संयुक्त बचत खात्यावर "दोघांपैकी एक" अशी सूचना असेल तर कुणीही एकटा सगळे पैसे काढू शकतो. बोलणी सुरू झाली त्याच दिवशी "दोघांच्या सहीनेच" असा बदल बँकेला लेखी द्या. बचत गटातली रक्कम तिची वैयक्तिक असते, ती वाटणीत ओढू नका. विमा, पोस्ट, सोसायटीतली नॉमिनी नावंही बदला.

दोघांपैकी एक जण मेला, तर त्याचा हिस्सा जोडीदाराकडे आपोआप येत नाही; त्याच्या वारसांकडे जातो. म्हणजे ज्या माणसाशी आज बोलता येतंय, त्याच्या जागी उद्या त्याचे भाऊ, त्याची पहिली बायको, तिची मुलं उभी राहतात. वाटणी लांबली तर निदान मृत्युपत्र करून ठेवा.

पटलं नाही तर

पहिला दरवाजा तालुका विधी सेवा समितीचा. महिलांना, तसंच अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मदतीसाठी 15100 हा क्रमांक आहे. लोकअदालतीत झालेली तडजोड दिवाणी हुकूमनाम्याइतकीच बंधनकारक असते आणि तिच्यावर अपील नाही, म्हणून मसुद्यातली प्रत्येक ओळ समजून घेऊनच सही करा.

महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलमध्ये वाटणीचा अर्ज एकट्या सहधारकालाही करता येतो. पण दुसऱ्यानं मालकीचा वाद काढला की तिथली वाटणी थांबते आणि दिवाणी न्यायालयात जावं लागतं. तिथे कोर्ट हिस्से ठरवतं, आणि सारा आकारलेल्या शेतजमिनीची प्रत्यक्ष फाळणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. घरासारखी मालमत्ता सोयीनं वाटता येत नसेल, तर 1893 च्या वाटणी कायद्याप्रमाणे निम्मा किंवा अधिक हिस्सा असलेला विक्रीची मागणी करू शकतो, आणि दुसऱ्याला कोर्टाच्या मूल्यांकनानं विकत घेण्याची संधी मिळते. दावा टाकल्यावर त्याची लिस पेन्डन्सची, म्हणजे मालमत्तेवर दावा चालू असल्याची, नोटीस दुय्यम निबंधकांकडे नोंदवा, नाहीतर दावा चालू असताना समोरचा आपला अविभक्त हिस्सा विकून मोकळा होईल आणि तुमच्यासमोर नवाच माणूस येईल.

घरात मारहाण किंवा हाकलून देण्याची धमकी असेल, तर मालमत्तेच्या दाव्याची वाट बघू नका. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा विवाहासारख्या नात्यातल्या स्त्रीलाही लागू होतो. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट मॅजिस्ट्रेटकडे राहत्या घरात राहण्याचा आणि पैशांच्या मदतीचा आदेश मागता येतो. पुरुषाची बायको हयात आहे हे माहीत असताना ती राहिली असेल, तर हा मार्ग अरुंद होतो. सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये तसा निकाल दिला आहे. या आदेशानं मालकी बदलत नाही, डोक्यावरचं छप्पर मात्र टिकतं. मुलांचा खर्च हा वेगळा हक्क आहे. आई-बापाचं लग्न नव्हतं म्हणून तो बुडत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली मागता येतो.

शेवटी फेरफार

दस्त नोंदवला की त्याची माहिती ऑनलाईन तलाठ्याकडे जाते (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी आहे). हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. नोटीस जुन्या पत्त्यावर गेली आणि कुणी घेतलीच नाही, असं फार होतं, म्हणून दस्तात दोघांचे आताचे पत्ते लिहा. हरकत आली तर सुनावणीला स्वतः जा. नोंद नामंजूर झाली तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील आहे, त्याची मुदत 60 दिवस.

प्रमाणित झाल्यावर नवा सातबारा काढून आधीच्या तिन्ही जागा पुन्हा वाचा. बोजा फिटला असेल तर बँकेचं पत्र देऊन तो कमी करून घ्या, स्वतःहून तो जात नाही. मग ग्रामपंचायतीत घरपट्टीचं नाव, महावितरणकडे कृषिपंपाच्या जोडणीचं नाव, आणि सोसायटीतलं सभासदत्व. कृषिपंपाचं नाव बदलायला तलाठ्याचा नवा उतारा लागतो, म्हणून ते काम फेरफार झाल्यावरच हाती घ्या. थकबाकी आधी कुणी भरायची ते दस्तात लिहिलेलं असेलच.